बैठकीचं गाणं आणि जमिनीवर आलेला कॅमेरा

आपल्याकडचं बरंचसं गाणं बसून गातात. ख्याल, ठुमरी, नाट्यगीतांची बैठक, भजन, अभंग, सगळं सतरंजीवर मांडी घालून. आणि गाण्याचा व्हिडिओ कसा काढावा हे शिकवणारं जे काही इंटरनेटवर मिळतं, ते जवळजवळ सगळं उभ्या माणसांसाठी असतं. हातात गिटार, समोर माइक, मागे ड्रम. त्यातले शॉट जसेच्या तसे आपल्या बैठकीला लावले की चांगलं गाणारी बाई पडद्यावर छोटी, दबलेली दिसते. बडोद्यात हल्ली भजनी मंडळं, गाणं शिकणाऱ्या मुली, गणेशोत्सवातली मंडळं, सगळ्यांनाच आपल्या गाण्याचा व्हिडिओ हवा असतो. त्यातले बरेच मी काढते, म्हणून माझी पद्धत इथे सविस्तर लिहून ठेवते आहे.

पहिली गोष्ट उंचीची. ट्रायपॉड उघडला की आपण नकळत तो आपल्या डोळ्यांच्या उंचीला लावतो, म्हणजे साधारण पाच फुटांवर. मांडी घालून बसलेल्या गायिकेचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांवर असतात. पाच फुटांवरून तिच्याकडे बघितलं की काय दिसतं? केसांतला भांग, कपाळ, पेटीचं झाकण आणि भरपूर सतरंजी. चेहरा लांब राहतो आणि डोळे पापण्यांआड जातात. समोर उभं राहून खाली बसलेल्या माणसाशी बोलावं, तशी ती नजर होते. बैठकीत आपण असं कधीच करत नाही. गाणं ऐकायचं तर आपणही चपला काढून खाली बसतो.

म्हणून माझा कॅमेरा खाली येतो. ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरले तरी तो पुरेसा खाली येत नाही, तेव्हा मी जेवायचा पाट घेते, त्यावर मूग भरलेली जाड कापडाची पिशवी ठेवते आणि पिशवीत कॅमेरा दाबून बसवते. हव्या त्या कोनात तो घट्ट राहतो आणि तबल्याच्या हादऱ्याने हलत नाही. मी स्वतः मागे मांडी घालून बसते. माझे गुडघे कुरकुरतात, पण गायिकेच्या डोळ्यांशी डोळे येतात आणि ती कॅमेऱ्याकडे न बघता गाते, तरी बघणाऱ्याला वाटतं की आपण पहिल्या रांगेत बसलोय.

इथे लेन्सची एक अडचण येते. खोली लहान म्हणून लोक रुंद लेन्स लावून जवळ जातात. मांडी घातलेल्या माणसाचे गुडघे चेहऱ्याच्या बऱ्याच पुढे असतात. २४ मिलिमीटरची लेन्स खाली जवळ लावली तर गुडघे अवाढव्य आणि डोकं लहान दिसतं. त्यापेक्षा कॅमेरा दाराबाहेर ओटीवर नेऊन ५० किंवा ८५ मिलिमीटर लावावी. चौकट थोडी मध्ये येते, येऊ द्यावी. दाराची चौकट फ्रेमच्या कडेला असली की आपण घरात डोकावतोय असं वाटतं, आणि अभंगाला ते शोभतं.

वाइड शॉटचा प्रश्न वेगळा. उभा बँड फ्रेम भरतो. बसलेली मंडळी मात्र खालच्या एक तृतीयांशात मावतात आणि वर नुसती भिंत उरते. मग कोणीतरी त्या भिंतीवर पडदा लावतं, झेंडूच्या माळा सोडतं, एलईडीची तोरणं लावतं. माझ्या मते त्यापेक्षा उंची बदलावी. जिन्याच्या पाचव्या-सहाव्या पायरीवरून, सात-आठ फुटांवरून किंचित खाली झुकलेला कॅमेरा ठेवला की सतरंजीची नक्षी, तिच्यावरची माणसं, पेटी, तबला, टाळांची जोडी, पाण्याचे तांबे यांनीच फ्रेम भरते आणि भिंत निघून जाते. माझ्यासाठी म्हणूनच दोन उंच्या पक्क्या आहेत: बसलेल्याच्या डोळ्यांची, नाहीतर थेट जिन्याची. त्यांच्यामधली, उभ्या माणसाची उंची मी टाळते.

या पावसाळ्याआधी दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात आम्ही जनाबाईंच्या एका अभंगाचं चित्रीकरण केलं. चाल नवी, गायिकेचीच. ती सूरसागर तलावाकाठच्या म्युझिक कॉलेजात शिकलेली. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या काळात उस्ताद मौलाबक्षांनी जी गायनशाळा चालवली, तिचंच हे पुढचं रूप. तिथल्या तालमीत वाढलेले गायक गाताना फार हालचाल करत नाहीत. ही तर जवळपास अजिबातच नाही. तान घेताना उजवा हात किंचित उठतो, तेवढाच. निर्मात्यांपैकी एक काका म्हणाले, "तिला जरा चालायला लावा ना, नाहीतर कंटाळवाणं होईल." मी नाही म्हटलं. तिचं स्थिर बसणं हे तिच्या गाण्याचा भाग आहे. हलायचं ते कॅमेऱ्याने. अँगल बदलण्याची सगळी जबाबदारी मग आपल्यावर येते, आणि ती पूर्वतयारीशिवाय निभत नाही.

तयारी म्हणजे एक कागद. डाव्या बाजूला अभंगाच्या ओळी, धृपद (दर कडव्यानंतर परत येणारी ओळ) किती वेळा येतं, कोरस कुठे, पेटीचा तुकडा कुठे. उजव्या बाजूला त्या त्या जागी काय दिसायला हवं. गाण्याची लय मिनिटाला ९६ मात्रांची होती. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे एक आवर्तन (ठेक्याचा एक पूर्ण फेरा) बरोबर पाच सेकंदांचं, आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने १२५ फ्रेमचं. हे एवढं गणित आधी केलं की एडिटिंगला बसल्यावर हात चाचपडत नाहीत. शॉट किती वेळ ठेवायचा हे आवर्तनांत सांगता येतं: हा दोन आवर्तनं, तो एक, पेटीवरचा अर्धंच.

कट बरोबर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मी क्वचितच करते. समेवर केलेला कट ठोकळ्यासारखा वाटतो, प्रत्येक वेळी केला तर दुसऱ्या कडव्यापर्यंत बघणाऱ्याला तो आधीच कळायला लागतो. समेच्या दोन-तीन फ्रेम आधी चित्र बदललं तर थाप पडायच्या वेळी डोळा नव्या जागी स्थिरावलेला असतो आणि सम तिथेच ऐकू येते. आलापात तर ठोक्यांकडे बघूच नये, श्वासाकडे बघावं. गायिकेने श्वास घेतला की कट. त्यासाठी तिचा श्वास दिसायला हवा, म्हणून प्लेबॅक (आधी ध्वनिमुद्रित केलेलं गाणं) लागला तरी तिने खऱ्या आवाजात गायचं हे मी आधीच सांगते. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा सांगून टाकतात. स्पीकर मोठा लावावा लागतो, शेजारच्यांना दिवसभर एकच अभंग ऐकावा लागतो, त्यांना आधी जाऊन सांगून यावं. आम्ही गेलो तेव्हा समोरच्या आजींनी विचारलं, "संध्याकाळी आरतीच्या वेळी तरी बंद ठेवाल ना, ताई?" ठेवलं.

धृपदाविषयी माझा एक आग्रह आहे. धृपद दर कडव्यानंतर परत येतं, मग चित्रही परत यावं. मी तीच बाजू, तोच कोन ठेवते, फक्त दर वेळी थोडी जवळ जाते. पहिल्यांदा जिन्यावरून सगळी मंडळी, मग कमरेपासून वर ती आणि पेटीवाले, मग खांद्यापर्यंत, शेवटी नुसता चेहरा. कडव्यांमध्ये कोन मोकळेपणाने बदलतात, धृपद आलं की बघणारा ओळखीच्या जागी येतो. फक्त एका मापातून दुसऱ्यात जाताना फरक स्पष्ट हवा. मिडवरून (कमरेपासून वरच्या शॉटवरून) जरासाच घट्ट मिड केला तर चूक झाल्यासारखा धक्का बसतो. कडव्यांत जागा बदलताना कॅमेरा निदान ३० अंश तरी सरकवावा हा जुना नियम लहान खोलीत फार उपयोगी पडतो.

आता वाद्यं. शास्त्रोक्त मांडणीत तबला बहुधा गायिकेच्या उजव्या हाताला आणि पेटी डाव्या हाताला असते, म्हणजे समोरून बघताना तबला फ्रेममध्ये डावीकडे आणि पेटी उजवीकडे. ती समेला तबल्याकडे बघते तेव्हा तिची नजर फ्रेमच्या डावीकडे जाते. तबलेवाल्या काकांचा शॉट अशा बाजूने घ्यायचा की त्यांची नजर उजवीकडे जाईल. मगच दोघं एकमेकांकडे बघताहेत असं वाटतं. गायिका आणि तबला यांना जोडणारी एक रेषा मनात आखून तिच्या एकाच बाजूला राहावं. पलीकडे जायचं असेल तर मागच्या तानपुऱ्यांतून जावं. तानपुऱ्याच्या चार तारा फ्रेमच्या पुढच्या भागात धूसर, त्यांतून गायिकेची पाठ आणि पलीकडे ऐकणारी माणसं. फोकस आधी तारेवर, ओळ संपता संपता गायिकेच्या कानामागच्या केसांवर. त्या एका शॉटनंतर बाजू बदलली तरी कोणी गोंधळत नाही, कारण खोली आता दोन्हीकडून बघून झालेली असते.

तबल्याचे क्लोज-अप म्हटलं की सगळे वरून घेतात. दोन वर्तुळं, मध्ये काळी शाई, त्यावर नाचणारी बोटं. दिसतं छान, मीही घेते. पण आमचे तबलेवाले काका म्हणाले, "माझा हात दाखवायचा असेल तर डग्ग्याकडून दाखवा. दायां सगळेच दाखवतात." डग्गा म्हणजे डाव्या हाताचा मोठा, दायां म्हणजे उजव्या हाताचा लहान. मी पाट त्यांच्या डाव्या गुडघ्याशी नेला, लेन्स डग्ग्याच्या कडेच्या बरोबर उंचीला, आणि तेव्हा जे दिसलं ते वरून दिसूच शकत नाही. मनगटाचा मागचा भाग चामड्यावर टेकलेला, बोटं आपटली की तो पुढे सरकतो, चामडं किंचित दबतं, आणि आवाज खालून वर चढतो. घुमारा डोळ्यांना दिसतो. हाताला पावडर लावलेली होती, प्रत्येक घसाऱ्याला तिची एक पातळ रेघ मागे राहत होती. तो शॉट मी दोन पूर्ण आवर्तनं, न कापता ठेवलाय. पेटीच्या बाबतीतही वरून स्वरपट्ट्या दाखवण्यापेक्षा बाजूने भाता दाखवलेला मला जास्त आवडतो. डावा हात भाता ओढतो ती गती गाण्याच्या श्वासाशी जुळलेली असते.

पण हे सगळे जवळचे शॉट गाणं चालू ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवूनच घ्यायला हवेत. "काहीतरी वाजवा, हात घेतो" असं कधी म्हणू नये. गाण्यात गंधारावर थांबलेला स्वर आहे आणि पडद्यावर बोट पंचमावर आहे, हे पेटी शिकलेल्या कुठल्याही माणसाला क्षणात कळतं, आणि बडोद्यात अशी माणसं घराघरात आहेत. प्रत्येक जागेवरून पूर्ण गाणं घेतलं की वेळ जातो खरा, पण टाइमलाइनवर सगळे शॉट एकाखाली एक लावले की कुठूनही कुठेही जाता येतं. कॅमेऱ्यातला साधा आवाजही चालू ठेवावा, त्याच्या लहरी बघून सॉफ्टवेअर सगळं जुळवून देतं. सुरुवातीला एक टाळी मात्र वाजवावीच.

स्लो-मोशनविषयी. सेकंदाला ५० फ्रेमवर घेऊन २५ वर दाखवलं की वेग निम्मा होतो. गाणारे ओठ त्यात जुळवायचे असतील तर चित्रीकरणाच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवून त्या वेगात गावं लागतं. सिनेमात हे करतात. आमच्या गायिकेला मिनिटाला १९२ मात्रांमध्ये अभंग म्हणायला लावणं मला बरोबर वाटलं नाही. वाजवणाऱ्या हातांना तर स्लो-मोशन लावूच नये. थाप ऐकू येते आणि हात अजून हवेत असतो, तालाचा विश्वासच जातो. समईची ज्योत, उदबत्तीचा धूर, तुळशीला घातलेलं पाणी, जिथे आवाजाशी बांधलेलं काही नाही, तिथे चालतं.

वरून, अगदी डोक्यावरून घेतलेला शॉट मला गाण्यात एकदाच हवा असतो. वाड्याला मधोमध चौक आहे आणि चारी बाजूंनी माडीची गॅलरी. ड्रोनची गरजच नाही. तसाही आपला विमानतळ हरणीला, जुन्या शहरापासून फार लांब नाही, त्यामुळे तिथे ड्रोन उडवायचा तर हवाई हद्दीची परवानगी लागते. गॅलरीच्या कठड्याला आडवी नळी बांधून तिच्यावर कॅमेरा लटकवला. खाली माणसं बसणार म्हणून कॅमेऱ्याला वेगळी दोरी बांधून ती खांबाला अडकवली, हे कधीही टाळू नका. वरून बघताना टाळकरी गोल बसलेले, मध्ये ती, एका कोपऱ्यात जातं. जनाबाई देवाला हाक मारते त्या ओळीवर तो शॉट लावला, कारण त्या ओळीत गाणं पहिल्यांदा खोलीबाहेर जातं. दुसऱ्यांदा वापरला असता तर ती हाक राहिली नसती.

उजेड चौकात सतत सरकत असतो. दुपारी बाराच्या उन्हात चेहऱ्यावर नाकाची सावली पडते, म्हणून मोठे शॉट सकाळी आटोपले आणि दुपारी ओटीच्या सावलीत, समोर थर्मोकोलचा पांढरा पत्रा धरून क्लोज-अप घेतले. चेहऱ्याचे शॉट दुपारी घेण्याचं आणखी एक कारण आहे. सकाळी पहिल्या एक-दोन वेळा माणूस जपून गातो, अवघडलेला असतो. जेवणानंतर तो गाण्यात विरघळतो. संध्याकाळी थकतो. मधली ती वेळ चेहऱ्यासाठी राखून ठेवावी. तोरणांचे किंवा ट्यूबलाइटचे दिवे फ्रेममध्ये असतील तर शटर एक पन्नासांश सेकंदाचं ठेवावं, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर चित्रात पट्टे लुकलुकतात.

आणि चेहऱ्याचा सगळ्यात चांगला क्लोज-अप कुठला? माझ्या मते ती गात नसते तेव्हाचा. कोरस तिची ओळ परत म्हणतो, ती डोळे मिटून ऐकते, मान अगदी थोडी हलते, पुढची ओळ मनात जुळवते. बहुतेक व्हिडिओंत त्या वेळी कोरस दाखवतात, कारण आवाज कोरसचा आहे. मी पहिल्यांदा कोरस दाखवते, दुसऱ्यांदा तिचं ऐकणं. अभंगाच्या रचनेतच हे देणं-घेणं आहे, एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी झेलायचं. ते अँगलमधून दिसलं नाही तर इतके कोन बदलून काय केलं?

दादासाहेब फाळके याच बडोद्याच्या कलाभवनात शिकले, १८९० च्या सुमाराला. त्यांनी १९१३ मध्ये पहिला चित्रपट आणला त्या काळात जगभर कॅमेरा बहुतेक वेळा नाटकाच्या प्रेक्षकाच्या खुर्चीत, समोर, स्थिर असायचा. आज मंडळाच्या कार्यक्रमात स्टँडवर मोबाइल लावून ठेवतात तोही तिथेच बसलेला असतो. कार्यक्रमाची नोंद म्हणून ते अगदी योग्य आहे, संपूर्ण गायन न तुटता मिळतं. पण गाण्याचा व्हिडिओ म्हणून करायचा तर त्या खुर्चीतून उठावं लागतं, आणि आपल्या बाबतीत उठल्यावर परत खाली बसावं लागतं.

एक विनंती मात्र बडोद्याच्या सगळ्या व्हिडिओवाल्यांना आहे. गाणं कुठलंही असो, मध्येच लक्ष्मी विलास पॅलेस, सूरसागरचा महादेव आणि मांडवी दरवाजा यांचे शॉट टाकायचे थांबवू या. तिन्ही जागा माझ्या लाडक्या आहेत. पण दळण दळणाऱ्या जनाबाईच्या ओळीवर १८९० सालचा राजवाडा आला की ऐकणारा गाण्यातून उठून सहलीला जातो. वाड्यातलं जातं, त्याचा गुळगुळीत झालेला खुंटा, दगडाच्या टाक्यांत अडकलेलं पीठ, एवढं पुरेसं होतं. त्या खुंट्याच्या अगदी जवळ लेन्स नेली तेव्हा लाकडावर हातांनी पडलेला खोलगटपणा दिसला. वाड्यातल्या काकूंनी सांगितलं की त्यांच्या सासूबाई त्यावर दळायच्या. तिथे कुठलंही वेगळं प्रतीक शोधावं लागलं नाही.

आता कार्तिकात देवउठी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघेल, त्यात आमची दिंडी गाणार आहे. तिथे सगळं उलटं असेल: माणसं चालणार, गर्दी हलणार. तिथे मी ठरवलंय की मिरवणूक सबंध गाण्यात डावीकडून उजवीकडेच जाईल, म्हणजे मी रस्त्याची एकच बाजू धरणार. एक कॅमेरा गिंबलवर (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या दांड्यावर) उलट्या पावलांनी टाळकऱ्यांच्या पुढे, मागून माझा भाऊ खांद्याला धरून वाट दाखवणार. दुसरा कोणाच्या तरी माडीवर. त्यासाठी वाटेवर ज्यांची गॅलरी असेल आणि दोन तास बसू देतील अशांनी मला नक्की कळवा, चहा मी घेऊन येईन.